गोल बुडाचा टोप

मी एक जुना पितळी टोप आहे. अंगभर हातोडीचे बारीक खळगे, दोन बाजूंना दोन कान, त्यातला एक जरा वाकलेला. आणि माझं बूड गोल आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे या बुडापायी फार ऐकून घ्यावं लागलं मला.

मला एका म्हाताऱ्या तांबटानं घडवलं. काम करताना तो कुणाशी बोलत नसे. त्याचं सगळं बोलणं हातोडीचं. त्याच्याकडून माझ्या धनिणीच्या आईनं मला घेतलं आणि लेकीच्या लग्नात लेकीबरोबर पाठवलं. आमच्या मुलखात चूल जमिनीत खड्डा करून घालत. त्या खड्ड्यात मी मांजरासारखा अंग चोरून बसे. माझ्यात शिजलेलं कधी करपलं नाही, आणि पाहुणा आला की पहिली वाहवा माझ्या वाट्याला येई. ते दिवस सुखाचे होते.

मग धनिणीच्या नवऱ्याला दूरच्या मुलखात काम लागलं. एका मोठ्या रंगकारखान्यात तो बॉयलर सांभाळणार होता. धनीण, तो, त्यांची लेक बिट्टी आणि पोत्यात गुंडाळलेला मी, असे आम्ही एका अरुंद गल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. तिथली शेगडी सपाट होती. धनिणीनं मला तिच्यावर ठेवलं आणि मी कलंडलो. तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ केली आणि मला कोपऱ्यात जमिनीवर बसवलं. तेव्हापासून माझ्यात पाणी भरून ठेवू लागले.

त्या गल्लीत वर्षातून एकदा मोठा सण असे. रस्त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब बाकं मांडत, ताशे वाजत, आणि सगळी गल्ली एकत्र जेवायला बसे. आम्ही गेलो त्या वर्षी शेजारीण आमच्या दारात फडक्यानं झाकलेलं ताट घेऊन आली. आंबट, काळसर रस्सा आणि वाफवलेले गोळे. धनिणीनं फडकं उचललं. वास तिला आवडला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. इतक्यात आतून नवरा आला.

"आम्ही असलं खात नाही," तो म्हणाला. "परत न्या."

शेजारणीनं ताट नेलं आणि ती गोष्ट जिन्यावरून खाली उतरेपर्यंत चौपट झाली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं तोंड फिरवलं. भाजीवाला आमच्यासाठी दबलेली भाजी बाजूला काढू लागला. नळावर धनिणीची बादली मागे सरकू लागली. माझं बूड कुणीतरी बघितलं होतं, त्यावरून आमचं नावच 'गोलबुडे' पडलं. बिट्टी एकदा विचारत आली, "आई, आपलं बूड टेकत नाही म्हणजे काय?" धनिणीनं तिची वेणी घालायला घेतली. नवरा मात्र बोलला. हे लोक, यांचं पाणी, यांचं आंबट जेवण, यांची भाषा, सगळ्यांचा त्यानं उद्धार केला. तो रोज करी. गल्लीला त्याचा जेवढा राग होता, त्याहून त्याला गल्लीचा जास्त होता.

दुसऱ्या वर्षी सण आला तेव्हा त्याची रात्रपाळी चालू होती. दुपारी झोपावं तर खिडकीखाली ताशे. तो खाली जाऊन सांगून आला. खाली मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, गल्लीचा सगळा कारभार बघणारे. ते म्हणाले, "आजच्या दिवशी ताशे थांबत नाहीत. झोपायचं तर आपल्या गावाला जाऊन झोपा." बाकीचे हसले.

तो वर आला. माझ्यात धुण्याचं साबणाचं पाणी होतं. त्यानं मला दोन्ही कानांना धरून उचललं. धनीण म्हणाली, "अहो, काय करताय? खाली पानं मांडलीत." तेवढ्यात मी खिडकीत होतो आणि पाणी खाली होतं. रश्श्याच्या कढयांवर, गोळ्यांच्या परातींवर, नव्या कपड्यांवर. ताशे थांबले. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले, पण त्या शांततेइतकं भीतिदायक काही ऐकलं नाही.

मग जिना वाजला. पुढे मास्तर होते आणि त्यांच्या पुढे अक्का. अक्का म्हणजे गल्लीची आचारीण. दंड भाजल्याच्या डागांनी भरलेले, आवाज असा की झाकणं थरथरत. दोन दिवस राबून केलेलं तिचं जेवण गटारात गेलं होतं.

"तुम्हाला हात लावून मी माझे हात खराब करणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "ज्या भांड्यानं हे केलंत ते भांडं द्या."

"घेऊन जा," तो म्हणाला. "इथं कुणाला हवंय."

धनीण दाराला टेकून उभी होती. अक्का मला खाली नेत असताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुमचं काय गेलं हो? माझ्या आईचा टोप गेला."

गल्लीच्या टोकाला एक सामानघर होतं, गल्लीच्या सगळ्या कार्यांचं जेवण तिथंच रांधत. तिथली भांडी लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची, सगळी सपाट बुडाची, एकावर एक शिस्तीत रचलेली. मी कशातच बसेना. अक्कानं मला लाथेनं कोपऱ्यात ढकललं. माझ्यात कधी फडकी भिजत, कधी चुलीतली राख भरत. कुणाला चिडायचं असलं की जाताजाता मला एक ठोसा देत. विटकरीच्या भुकटीनं मला घासत, तेही घासायचं म्हणून नाही, हात मोकळे करायचे म्हणून.

एक दिवस दारात धनीण आली.

"भांडं न्यायला आलात?" अक्कानं मान वर न करता विचारलं.

"नाही. कांदे सोलायला आले."

"आम्ही बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे," म्हणत धनिणीनं सुरी घेतली आणि खाली बसली.

त्या दिवशी तिच्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती येत राहिली. घरी नवरा धुसफुसे, इथं अक्का. दोन्ही शेगड्यांच्या मधे ती बसलेली. पण त्या सामानघरातून अख्ख्या गल्लीचं वर्ष जाई. कुणाचं बारसं, कुणाचं तेराव्याचं जेवण, कुणाच्या नव्या दुकानाचं तोंड गोड करणं. कशाला काय रांधायचं हे ठरलेलं होतं. कधी भाजलेले कंद, कधी तिळाची जाड खीर, दुखवट्याच्या घरी मिठाशिवायची पेज. धनीण कोपऱ्यातून बघे आणि मी तिच्या शेजारून. आमच्या मुलखात तिखटाला मान होता, इथं आंबटाला. मला तर आधी त्या वासानं मळमळे. हळूहळू कळलं, की आंबटातही राग, माया, दुःख वेगवेगळं करता येतं.

अक्का तिला शिकवत नसे. ती फक्त ओरडे. "मीठ टाका. मूठभर नाही म्हटलं, चिमूटभर. तुमच्याकडे बोटं मोजत नाहीत का?" किंवा, "ढवळताय की पोहताय?" धनीण खाली मान घालून शिकली. अक्कानं तिला कधी 'तुम्ही' सोडून हाक मारली नाही, आणि तो 'तुम्ही' आदराचा नव्हता.

पुन्हा सण आला. माणसं वाढली होती, भांडी कमी पडली. अक्कानं मला ओढून बाहेर काढलं, तीन विटांवर बसवलं, खाली निखारे सारले आणि सकाळीच माझ्यात रस्सा ओतून ठेवला. धनीण मागच्या अंगणात कंद धूत होती. ती पुढे आली तेव्हा पोरांची पहिली पंगत बसली होती आणि वाढप्या माझ्यात डाव घालायच्या बेतात होता.

मित्रांनो, पितळी भांड्याला आतून कथलाचा पांढरा लेप असतो. त्याला कल्हई म्हणतात. माझी कल्हई राखेनं आणि विटकरीनं केव्हाच गेली होती. उघड्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, आणि ते पोटात गेलं की माणूस ओकून ओकून आडवा होतो. माझ्या पोटात तो रस्सा कळकत होता. मला कळत होतं, पण टोपानं ओरडायचं कसं?

"अक्का, यातलं वाढू नका," धनीण म्हणाली. "कल्हई गेलीय. कळकलं असेल."

"तुमच्या भांड्याला आमचा रस्सा चालत नाही वाटतं?"

ती मास्तरांकडे वळली. ते म्हणाले, "भांडं परत न्यायचं तर सण झाल्यावर बोलू. आज काही नवीन काढू नका."

वाढप्यानं डाव भरला. समोर पहिलंच पान एका लहान मुलीचं होतं. धनिणीनं मला उघड्या हातांनी दोन्ही कानांना धरलं आणि रस्त्यावर पालथं घातलं.

ताशे पुन्हा थांबले. कुणीतरी तिचा दंड धरला. "गेल्या वर्षी नवऱ्यानं, यंदा बायकोनं," एक जण म्हणाला, आणि माणसं उठू लागली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. नवरा अनवाणी जिना उतरून आला आणि गर्दीत घुसला. "तिचा हात सोडा," तो म्हणाला. कुणी सोडला नाही.

अक्का मात्र माझ्याजवळ बसली होती. तिनं माझ्या तळाला बोट लावून जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकली. मग तिनं मला उजेडाकडे वळवलं. माझ्या तळाशी हिरवी झाक धरली होती. तिनं ती मास्तरांना दाखवली. मास्तरांनी ती बघितली आणि मग ते पंगतीत बसलेल्या पोरांकडे बघू लागले. धनिणीचा दंड धरणारा हात सुटला.

कुणी माफी मागितली नाही. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "लोखंडी कढईत निम्मा आहे अजून. त्यात पाणी वाढवा," ती म्हणाली. मग धनिणीकडे वळून, "आणि तू काय उभी राहिलीस? कांदा चीर."

धनीण पोळलेल्या हातांनी खाली बसली. मी तिच्याइतका खूश झालेला माणूस कांदा चिरताना पाहिला नाही.

नवरा तिथंच उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. शेवटी तो बाकाच्या टोकाला बसला. वाढप्यानं त्याच्याकडे न बघता त्याला वाढलं. त्यानं एक घास घेतला.

"आंबट आहे," तो म्हणाला.

"आंबटच असतं," शेजारचा समोर बघत म्हणाला. पण नवऱ्यानं पान चाटूनपुसून साफ केलं.

मला परत न्यायचं कुणी काढलं नाही. धनीण रोज तिथं येतच होती. पुढच्या सुट्टीला नवरा कारखान्यातून कल्हईसाठी कथील आणि नवसागर घेऊन आला. गल्लीच्या मधोमध त्यानं कोळसे पेटवले, मला तापवलं, आणि धुरात डोळे बारीक करून कापसाच्या बोळ्यानं आतून कथील फिरवू लागला. पोरं लांबून बघत होती. अक्का हाताची घडी घालून त्याच्या डोक्याशी उभी होती.

"तिथं राहिलंय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर लावा."

त्यानं लावलं.

मित्रांनो, आजही त्या गल्लीत आमचं लाडाकोडाचं काही नाही. नवरा कुरकुरतो, अक्का ओरडते, मी विटांवरून कधीमधी कलंडतो आणि शिव्या खातो. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं भांडं असेल, तर बाहेरून चकाकतंय एवढ्यावर जाऊ नका. आत हात घाला. तळापर्यंत घाला. काय झिजलंय ते तिथंच कळतं.