काचेच्या कडेचा खांब

तिसरी गाडीही त्याला नापसंत पडली, आणि कारण तेच होतं.

"खांब जाड आहे," किल्ली विक्रेत्याच्या तळहातावर ठेवत माझा नवरा म्हणाला. "त्याच्यामागे हत्ती उभा केला तरी दिसायचा नाही."

पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना छप्पर पेलणारे जे दोन खांब असतात, त्यांच्याबद्दल तो बोलत होता. शोरूममधला विक्रेता कायम हसऱ्या चेहऱ्याचा होता, पण त्या दिवशी त्याचं हसू जरा ताणलेलं दिसलं.

"दादा, लाल गाडी खांबापायी गेली, पांढरी खांबापायी गेली, आता ही करडीही चालली. बिनखांबाची कुठून आणू? छप्पर काय वहिनी हातात धरून बसणार?"

"बसेल की. हात स्थिर ठेवणं हेच तिचं काम आहे."

तसं ते खरंही होतं. मी मापयंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांतून तराजू, तापमापक, दाबमापक आमच्याकडे येतात आणि ते खरं सांगतात की नाही हे आम्ही बघतो. नवऱ्याचं काम त्याच्या उलट, अंदाजाचं. त्याचं चाकांची जुळणी करण्याचं वर्कशॉप आहे. यंत्र आकडे दाखवतंच, पण तो गाडी एकदा चालवून आणतो आणि मगच आकड्यांवर विश्वास ठेवतो. तरुणपणी तो डोंगररस्त्यांवरच्या शर्यतींत गाडी पळवायचा. वर्कशॉपच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या टायरवरची बारीक अक्षरं तो वाचून दाखवायचा आणि पोरांकडून चहा उकळायचा. माझा चष्मा दरवर्षी जाड होत गेला, त्याला तो कधी लागलाच नाही.

आमची जुनी गाडी दोन दारांची होती, लग्नाआधीची. मुलगी झाल्यापासून तिच्यात मागे बसणं म्हणजे कसरत. पुढची सीट पाडायची, कमरेत वाकून अर्धं आत शिरायचं, मुलीला तिच्या खुर्चीत कोंबायचं आणि बकल चाचपडत शोधायचं. मुलीला आम्ही ठिपकी म्हणतो. ती पाच वर्षांची झाली, माझी कंबर बोलायला लागली, तेव्हा कुठे तो गाडी बदलायला तयार झाला. तोही अटीवर.

"चार दारं, मान्य. तिची खुर्ची बसली पाहिजे, मान्य. डिकीत तिची सायकल मावली पाहिजे, तेही मान्य. पण आपल्या गल्लीत वळेल एवढीच लांब हवी, आणि पाय दाबला की पळाली पाहिजे. मला चार चाकांचं कपाट नकोय."

त्यामुळे आम्ही लहान, वेगवान, तरीही घरच्यासारख्या गाड्या बघत होतो. प्रत्येक गाडीत मी मागच्या दारातून खुर्ची आत घालून बघायची, ठिपकी डिकीत शिरून बसायची, आणि तो चक्कर मारून आला की खांबाला नाव ठेवायचा.

चौथी गाडी निळी होती. तिच्यात बसल्या बसल्या तो गप्प झाला. मी त्याला तसं गप्प झालेलं फार कमी वेळा पाहिलंय. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वर चढला, आमच्या पाठी सीटला टेकल्या आणि ठिपकी मागून ओरडली, "परत! बाबा, परत कर!" आरशात मला त्याचे दात दिसले. मी मागे तिच्या शेजारी बसले होते. मोठा रस्ता संपून आम्ही चौकात वळत होतो. कडेने एक सायकलवाला येत होता. मी त्याला बराच वेळ बघत होते, म्हणून निर्धास्त होते. गाडी थांबणार असं मी धरूनच चालले होते.

ती थांबेना. मी किंचाळले. त्याने ब्रेक दाबला, ठिपकी पुढे जाऊन पट्ट्यांवर आदळली. सायकलवाल्याने बॉनेटवर थाप मारली.

"डोळे घरी ठेवून आलास का रे?"

तो निघून गेल्यावर नवरा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तसाच बसला. मग म्हणाला, "बघितलंस? खांब."

पण सायकलवाला खांबाच्या मागे नव्हता. खांब ओलांडून तो दाराच्या मोकळ्या काचेत आला होता. मला तो मागच्या सीटवरून पूर्ण दिसत होता, त्याच्या ढिल्या, लोंबत्या चेनसकट.

शोरूममध्ये परतल्यावर तो निळ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. "खांब सोडला तर हीच," तो म्हणाला. "खांबाचं काय करायचं ते सांग."

"मोजू या," मी म्हणाले.

विक्रेत्याला वाटलं, गंमत चाललीय. पण नवऱ्याला त्या धंद्यात सगळे ओळखत होते. "रविवारभर ठेवा दादा," विक्रेता म्हणाला. "खांब मोजा, टायरची नाडी बघा, काय वाटेल ते करा. पण सोमवारी मला हो म्हणा."

आमच्या प्रयोगशाळेत एक सवय लावतात. एखादं यंत्र चूक दाखवत असेल तर यंत्र तपासायचं. पण वेगवेगळ्या कारखान्यांची चार यंत्रं एकाच बाजूला तेवढीच चूक दाखवायला लागली तर यंत्रं बाजूला ठेवायची. मग टेबल बघायचं, दिवा बघायचा आणि शेवटी वाचणारा माणूस. मला हे शनिवारी संध्याकाळी भांडी पुसताना आठवलं. आठवलं आणि त्यासोबत नको ते बाकीचंही आठवत गेलं. जुन्या गाडीच्या दोन्ही आरशांवर आलेले ओरखडे, जे गल्ली अरुंद म्हणून आम्ही सोडून दिले होते. टेबलाच्या कडेचे त्याच्या कोपराने पडलेले पेले. दारांच्या चौकटींना लागलेले त्याचे खांदे. मी त्याला लग्न झाल्यापासून धसमुसळा म्हणत आलेय.

आणि ठिपकीचा 'भो'. हा तिचा आवडता खेळ होता. लपायला तिला पडदा लागत नसे, पलंग लागत नसे. ती सरळ बाबाच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहायची, हसू दाबत थांबायची आणि मग ओरडायची. तो दर वेळी दचकायचा. किती छान दचकायचं नाटक करतो, असं मला वाटायचं.

रविवारी सकाळी मी निळी गाडी इमारतीच्या मागच्या भिंतीसमोर उभी करायला लावली. भिंतीवर खडूने एक फुली काढली. ठिपकीच्या हातात तिचा पिवळा चेंडू दिला. फुलीपासून निघायचं, भिंतीच्या कडेने हळूहळू चालायचं, कोपऱ्यावर वळून गाडीच्या बाजूला यायचं. आधी मी चालकाच्या जागी बसले. नजर फुलीवर ठेवली. चेंडू खांबामागे गेला, तिथे तिला थांबवून मी खडूची खूण करायला सांगितली. एकाच छोट्या पावलात तो परत दिसला, तिथे दुसरी. दोन खुणांमधलं अंतर वीतभर. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"एवढासा?" तो म्हणाला. "तुझी उंची कमी, म्हणून."

"असेल. तू बस. फुलीवरून नजर हलवायची नाही."

मी शेजारी बसले. ठिपकी फुलीपासून निघाली. खांबाच्या बरीच अलीकडे असताना तो म्हणाला, "गेला." तिने भिंतीवर खूण केली आणि चालू लागली. मी खूण केली होती तिथे पोचली, तिच्याही पुढे गेली.

"परत दिसला की सांग," मी म्हणाले.

"सांगतो ना."

ती कोपऱ्यावर वळली. गाडीच्या बाजूने यायला लागली. चेंडू तिने डोक्यावर धरला होता.

"किती हळू चालवतेस तिला," तो म्हणाला. "अजून खांबामागेच आहे."

ठिपकी तेव्हा बाजूच्या आरशाजवळ पोचली होती. काचेला नाक लावून, जीभ बाहेर काढून, ती त्याला वेडावत होती. तो फुलीकडे बघत होता, सांगितलं होतं तसा, अगदी प्रामाणिकपणे. मग तिलाच धीर धरवला नाही.

"भो!"

तो दचकला. नाटक नव्हतं, हे आता मला कळत होतं. त्याने मान वळवली आणि काचेला लागलेलं तिचं नाक बघितलं.

"चीटिंग करतेस गं! धावत आलीस."

"नाही आले! हळूच आले. आईला विचार."

त्याने माझ्याकडे बघितलं. बघायला त्याला सगळी मान फिरवावी लागली. इतक्या वर्षांत हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"दुसरी बाजू बघू," तो म्हणाला.

दुसरी बाजू तशीच निघाली. मग मी वर जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि त्याला त्याच भिंतीसमोर, उघड्यावर बसवलं. गाडी नाही, काच नाही. ठिपकी परत फुलीपासून चालत निघाली. चेंडू जवळजवळ मघाच्याच जागी नाहीसा झाला. त्याने "गेला" म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. प्रयोग नीट झाला होता. एवढा नीट झालेला प्रयोग मला आयुष्यात कधी नकोसा वाटला नव्हता.

"काळं दिसत नाही काही," तो स्टुलावर बसूनच म्हणाला. "काळं दिसलं असतं तर कळलं असतं ना. सगळं भरलेलंच दिसतं. भिंत दिसते."

"हो."

"बाकीच्या तिन्ही गाड्यांचे खांब पण…"

"बारीकच होते रे."

सोमवारी सकाळीच आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या वयस्कर होत्या आणि सावकाश बोलत. काचबिंदू आहे, म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत, बराच जुना. मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बारीक अक्षरं वाचता येत असतात, मग कोण कशाला तपासायला जातो? थेंब आयुष्यभर घालावे लागतील. आहे ते बहुतेक टिकवता येईल, गेलं ते परत यायचं नाही. वडिलांना होता का, असं त्यांनी विचारलं. वडील तो लहान असतानाच गेले होते, सांगणार कोण? मुलीचीही वेळोवेळी तपासणी करत राहा, त्या म्हणाल्या.

"गाडी?" त्याने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तिच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघून सांगा."

"नाही चालवायची," त्या म्हणाल्या.

गाडी तरीही लागणारच होती. शाळा लांब, वर्कशॉप लांब, जुनी आम्ही विकून टाकली होती. मी गाडी चालवते, पण नियमाने, जिना उतरावा तशी. त्याच संध्याकाळी आम्ही शोरूममध्ये गेलो तेव्हा विक्रेत्याने आम्हाला लांबूनच हाक मारली, "काय दादा, पास झाला का खांब?"

"खांब पास झाला," नवरा म्हणाला. "मी नापास झालो."

पुढचं त्याने दोन वाक्यांत सांगितलं. विक्रेत्याचं हसू जागच्या जागी विझलं. "काय बोलू दादा," एवढंच म्हणाला, आणि स्वतः जाऊन पाणी घेऊन आला.

"निळीच घेऊ," मी म्हणाले. मला ते मनापासून वाटत होतं. चालवीन मी, पण तिचा आवाज तरी त्याला मिळेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

तिला घेऊन मी एक चक्कर मारली. तो शेजारी बसला, डोळे मिटून. मी गिअर लवकर बदलत होते, इंजिनाचा आवाज चढायच्या आधीच खाली येत होता. मोकळा रस्ता लागल्यावर तो म्हणाला, "आता दाब." मी दाबला. पाठ सीटला टेकली तशी मी घाबरले आणि पाय काढला.

"पुन्हा एकदा?" मी विचारलं.

"राहू दे." त्याने डोळे उघडले. "हिचीच साधी बहीण मिळते. बाहेरून अशीच, इंजिन गरीब. ती घे. ही रोज तुझ्या पायाखाली अपमान करून घेईल, आणि मी शेजारी बसून तो ऐकेन. नकोच ते."

"सवय होईल मला."

"तुला होईल गं," तो म्हणाला.

साधी गाडी आली. तीच चार दारं, तीच डिकी. खांबही तेच, वीतभराची जागा झाकणारे. ठिपकीची खुर्ची एका झटक्यात बसली, माझी कंबर वाकलीच नाही. शोरूममधून घरी येताना तो शेजारी बसला होता. चौकात त्याने मान पूर्ण एका बाजूला, मग पूर्ण दुसऱ्या बाजूला फिरवली आणि म्हणाला, "मोकळं आहे, जा." मी ते आधीच बघितलं होतं, पण त्याचं ऐकून मगच निघाले.

इमारतीखाली मी गाडी लावली, जरा वाकडी. तो उतरून बॉनेटजवळ उभा राहिला. पुढची चाकं किंचित वळलेली राहिली होती, त्यांच्याकडे तो बघत होता. ठिपकी आपलं दार आपणच उघडून उतरली. त्याच्या बाजूने न येता ती गाडीला मागून पूर्ण वळसा घालून समोर आली, आणि त्याच्यासमोर थेट उभी राहून तिने वर्गात करतात तसा हात वर केला.

"बाबा, मी इथे आहे."

"दिसलीस," तो म्हणाला. मग खाली वाकला. "भो का नाही केलंस?"

ठिपकीने थोडा विचार केला.

"तुला खरंच दिसत नाही ना," ती म्हणाली. "मग ते लपणं नसतं."