पंचाहत्तरची बाटली

मुलुंड पूर्वेला गवाणकरांच्या घरात थायरॉइडच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या होत्या. एक नऊ वर्षांच्या दिशाची, दुसरी तिच्या आजोबांची. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच उंचीच्या. म्हणून दिशाच्या आईने, मानसीने, दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने नावं घातली होती. 'दिशा' आणि 'भाऊ'; घरात आजोबांना सगळे भाऊच म्हणायचे. अशा बाबतीत मानसी पक्की. कोणी किती वाजता काय खाल्लं, हे तिला त्या माणसाआधी माहीत असायचं.

तरीही दिशाचा रिपोर्ट बिघडला. मार्चमध्ये टीएसएच तीन होता, जूनमध्ये चौदा. गोळी तीच, पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची. वेळ तीच, सकाळी सहा, उपाशीपोटी. पोरगी मात्र शाळेतून आली की दप्तरासकट सोफ्यावर झोपायची, आणि दाराच्या चौकटीवरची तिच्या उंचीची रेघ जागची हलायला तयार नव्हती.

मानसीने वहीत संशयितांची यादी केली. सोयाबीनच्या वड्या बंद. लोहाचं सिरप रात्रीवर ढकललं. दूध साडेसातनंतर. शेवटी नवऱ्याचंही नाव यादीत चढलं, कारण तो एकदा गोळीपाठोपाठ बिस्किट देताना सापडला होता.

"एका बिस्किटाने तिनाचे चौदा होतात?" सुयोग म्हणाला.

"मग कशाने होतात ते तू सांग ना!"

तो बिचारा सोयाबीनशिवाय जेवला.

यादीत एकच नाव नव्हतं, भाऊंचं. रविवार सोडला तर दिशाला रोज गोळी तेच द्यायचे आणि लगेच कॅलेंडरवर टिक करायचे. एकही दिवस चुकला नव्हता. तरुणपणी मिलच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला माणूस. चाळीतली अर्धी पोरं त्यांच्या हातच्या तापाच्या गोळ्या खाऊन मोठी झालेली. पोराला अर्धी, मोठ्याला अख्खी, हा त्यांचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं. शिवाय रविवारी मानसी स्वतः 'दिशा' लिहिलेल्या बाटलीतून गोळी काढून द्यायची. म्हणजे गोळीवर संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा लागणार, आणि तशी तिला सवय नव्हती.

हल्ली भाऊंच्या हातात कपबशी वाजायची, तेवढं सगळ्यांनी ऐकलं होतं. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडून त्यांनी तो आवळला होता. "वय झाला गो," ते म्हणायचे, आणि विषय संपायचा.

डॉक्टर उत्तराबाईंकडे सगळेच गेले. बाईंनी जुना रिपोर्ट पाहिला, नवा पाहिला, पुन्हा जुना पाहिला. "गोळी नक्की रोज घेते?"

"रोज," मानसी म्हणाली. "कॅलेंडरचा फोटो दाखवू?"

"मग मलाही कळत नाही. डोस वाढवावा लागेल. शंभर करू."

"शंभर?" भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "माका पन्नास आणि ह्या चेडवाक शंभर? ह्या खयचा गणित?"

"आजोबा, तिचं वाढतं अंग आहे. किलोमागे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागतं. तुमच्या वयात हृदयाला झेपेल इतकंच आम्ही देतो. इथे लहानाला अर्धी चालत नाही."

बाईंनी पेन उघडलं. भाऊ आता काही बोलले नसते तर सगळं झाकून गेलं असतं. नवी बाटली, नवी पट्टी, कोण विचारतंय? त्यांनी दिशाकडे पाहिलं. ती टेबलावर डोकं ठेवून डोळे मिटत होती.

"शंभर लिहू नका," ते म्हणाले. "तिला पंचाहत्तर मिळतच नाहीत."

"म्हणजे?"

"होळीनंतर नव्या बाटल्या आल्या. पोरीच्या नावावर पंचाहत्तर, माझ्या नावावर पन्नास. मला वाटलं, घाईत सूनबाईच्या हातून पट्ट्या उलट्या लागल्या. तिला बोललो असतो तर लागलं असतं. म्हणून मीच सरळ केल्या."

मानसीने पिशवीतली वही उघडली. पण दर रविवारी पट्टीवरचं नाव वाचलं तिनेच होतं, खालचा आकडा एकदाही नाही. सासऱ्यावर ओरडायचं की आभार मानायचे, की आपलंच नाव वहीत लिहायचं, हे न कळून तिने ती परत मिटली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "पंचाहत्तरच ठेवा. खरोखरची. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. आणि आजोबा, तिची पंचाहत्तर इतके दिवस तुम्ही घेताय, तेव्हा तुमचं आजच. शिवाय ईसीजी. हात पुढे करा बघू."

हात थरथरत होता. भाऊ त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे बघत राहिले.

"डॉक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "मग चाळीतल्या पोरांना मी अर्धी अर्धी दिली, ती?"

"ती तापाची होती. ती बरोबर होती."

"ती बरोबर, आणि ही चूक," भाऊ म्हणाले. दोन्ही वाक्यं त्यांना पटली होती. ती एकाच डोक्यात शेजारी शेजारी कशी ठेवायची, ते मात्र घरी पोचेपर्यंत जमलं नाही.