फुलांवर कसं बसायचं

दुसरी मोठी लढाई संपली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमचे हे, अर्जुना, इराणातून घरी आले. पलटणीतल्या इतरांनी घड्याळं आणली, ह्यांनी गालिचा आणला. कडेगावला मोटारीतून उतरून आमच्या वाडीपर्यंत तो खांद्यावर वाहिला.

सोप्यात उलगडला. आमच्या माळावर हुलगा धड उगवत नाही, आणि इथं गुलाबांना नुसता ऊत आलेला. मधे एक पाखरू.

"आबा, बसा की," हे म्हणाले.

माझे सासरे तात्याबा जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. ते जागचे हलले नाहीत. "फुलावर पाय दिऊ व्हय रं? फूल बिरोबाच्या डोईवर असतंय." आणि आपली घोंगडी उंबऱ्यापाशी टाकून बसले.

ह्यांचं तोंड उतरलं. मला सासऱ्यांचा रागच आला. लेक चार वर्षांनी आलाय, बसलं तर काय बिघडतंय?

"आबा, तिथं बी आपल्यावानीच माळ हाय," हे उभ्याउभ्याच सांगू लागले. "नुसती धोंडं. म्हणून ती लोकं घरातच बाग हातरत्यात. इकणारा म्हातारा म्हणला, गुलाब म्हंजी आपलं जिवाचं माणूस. ह्यो बुलबुल त्याच्यापासनं लांब पडलाय, म्हणून वरडतोय. तवाच ठरवलं, आबांनी धोंड्यावर लय दिस काढलं, एकदा बागंत बसवायचं."

सासऱ्यांनी पाखराकडं बोट केलं. "ह्यो बुलबुल तू व्हय?"

ह्यांनी मान डोलावली.

"आन गुलाब?"

मी पदर सावरला. म्हटलं, आता सगळ्यांदेखत माझं नाव घेतात की काय.

"तुमी," हे म्हणाले.

घ्या. चार वर्षं वाट मी बघितली, गुलाब झाले मिशीवाले मामंजी. पण ह्यांचा आवाज असा कापला की मला हसूही येईना.

"रंगू, तांब्या आण," सासरे म्हणाले. मला वाटलं तहान लागली. पाणी आम्ही लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणतो, तरी त्यांनी अख्खा तांब्या पायांवर ओतला. देवळात शिरताना धुतात तसे घासून धुतले, धोतरानं पुसले. मग हातानं चाचपत पाखराशेजारची वीतभर मोकळी जागा शोधली आणि गुडघे पोटाशी घेऊन तेवढ्यातच बसले. एका पाकळीलाही पाय लागू दिला नाही.

हे अजून उभेच होते.

"ये की रं," सासरे म्हणाले. "पाखराला आनखी किती दिस लांब ठिवायचं?"