बोहनी

घणसोली गावात आता दर दहा पावलांवर एक शटर आहे, पण माझा जीव अडकला तो बंद पडलेल्या दुकानांत. शाळेतून निवृत्त झाल्यावर हाताला काम नव्हते, म्हणून जत्रेच्या स्मरणिकेसाठी त्यांचा इतिहास लिहायला मी आपण होऊन पुढे झालो. दुकान कुणी काढले, का बुडाले आणि उघडले त्या दिवशी बोहनी कुणी केली, एवढेच विचारायचे. पहिले गिऱ्हाईक चांगल्या हातगुणाचे पारखून बोलावण्याची आमच्याकडे रीत आहे. मला तिची नेहमी गंमत वाटे.

सुरुवात केली ऐंशीला टेकलेल्या शिवाकाकांपासून. त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी वर्षभरही चालली नव्हती.

"बोहनी? तूच केलीस की, गोवर्धन," ते म्हणाले. "मी दहा वर्सांचा व्हतो. असाच दिसायचास, ह्याच चष्म्यात. दळन घेतलंस नि गेलास, बोललास काय नाय."

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. घरी येऊन हा किस्सा मी बायकोला, दमयंतीला, रंगवून सांगितला आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो.

पुढच्या आठवड्यात मागच्या आळीतल्या शकुबाईंकडे गेलो. त्यांचे सुक्या मासळीचे दुकान होते, मी तिसरीत असतानाचे.

"मास्तर, इचारता काय? तुमीच आलता, आता दिसता तसंच," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सुकट घेतली, बोललात काय नाय. सा म्हैन्यांत दुकान बंद."

हे मी दमयंतीला सांगितले नाही.

सोमवारी आमच्या रुतिकाचे दुकान उघडणार होते. जावई गेल्यावर सात वर्षे कोपरखैरण्यात दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावून लेकीने हे मॅचिंग सेंटर उभे केले होते, आणि बोहनी बाबांच्याच हातची हवी असा तिचा हट्ट होता. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो. नेहमीच्या दुखऱ्या गुडघ्याचे निमित्त केले, दमयंतीला पुढे पाठवले आणि दाराला आतून कडी लावून घड्याळासमोर बसून राहिलो.

साडेअकराला रुतिकाचा फोन आला. तिला आनंद आवरत नव्हता.

"बाबा, गुडघा दुखत असून आलात! आई तर बघतच राहिली. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलंत आणि लगेच निघालात. रागावलात का? एक शब्द बोलला नाहीत."

मी दाराकडे पाहिले. कडी लावलेलीच होती. बाहेर कुणीतरी, दुखऱ्या गुडघ्यामुळे मी काढतो तशाच, भिंतीला टेकून सावकाश चपला काढत होते.