लव्हाळ्याच्या झऱ्यापर्यंत न पोहोचलेली साखळी

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. लांबी सहासष्ट फूट, कड्या शंभर. त्यांतल्या आज एक्याण्णव उरल्या आहेत आणि त्याही गंजल्या आहेत. सध्या मी एलोइसाबाईंच्या घरात, पावाच्या भट्टीकडच्या दाराजवळ, एका खिळ्याला लटकलेली असते. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर भंगारवाल्याला द्याल. तुमचा दोष नाही, मी दिसतेच तशी.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. लाल तापलेली तार वाकवून माझी एकेक कडी केली. मग दगडी फरशीवरच्या दोन खुणांमध्ये मला ताणून धरले आणि मुकादम म्हणाला, "केसभरही चूक नाही." त्या कौतुकाने मी फार फुगले. जमीन कोणाची किती, हे माझ्याशिवाय ठरत नाही, असे मला वाटू लागले. तरुणपणी कोणाला घमेंड नसते?

पुढे एका सरकारी मोजणीदाराबरोबर खेचराच्या पाठीवरून मी अमेरिकेच्या नैऋत्येला, झुनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात आले. झुनींसाठी किती जमीन राखून ठेवायची, त्याची हद्द आखायचे काम होते. त्यांची वहिवाट त्या हद्दीच्या कितीतरी पलीकडे होती. गावातल्या लोकांनी मोजणीदाराला हाताने दाखवले, पश्चिमेला, तीन दिवसांच्या वाटेवर, लव्हाळ्याचा झरा. आमची मेंढरे तिथवर जातात, आमची माणसे तिथवर जातात. मोजणीदाराने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडू लागले. खेचरे दमली होती, मोजणीदार त्यांच्याहून जास्त. अर्ध्या वाटेत तंबू ठोकून, शेकोटीजवळ बसून त्याने वहीत लिहिले, "यापुढे मोजणी केली. जमीन ओसाड. कोणाच्याही वापराची खूण नाही."

मी त्या झऱ्यापर्यंत गेलेच नव्हते. मी तंबूच्या दाराशी गुंडाळून पडले होते. पण आकडे माझ्या नावावर पडले. मला तेव्हा काही वाटले नाही. बर्फात पडलेल्या लोखंडाला काय वाटणार?

जाताना मोजणीवाल्यांनी मला तिथेच टाकले, कारण माझ्या दोन कड्या तुटल्या होत्या. सारस कुळाच्या एका मेंढपाळाला मी सापडले. त्याने मला बहिणीच्या घरी नेले. झुनींमध्ये घर बाईचे. त्या घरातून आईकडून मुलीकडे, तिच्याकडून तिच्या मुलीकडे अशी मी आले.

तिथे मी पुष्कळ राबले. मेंढवाड्याचे दार बांधले. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढल्या. माझ्या सात कड्या अशाच कामी आल्या. कोणाच्या गाढवाच्या खोगिराला दोन, कोणाच्या हंड्याच्या कडीला एक. जमिनीचे एक बोटही मी पुन्हा मोजले नाही. बायका नदीकाठी मक्याचे चौकोनी वाफे घालत, ते हाताच्या वितीने, आणि ते माझ्यापेक्षा सरळ येत.

याच घरात फेलिपे नातेवा लहानाचा मोठा झाला. दहा वर्षांचा असताना तो आपल्या मामाबरोबर मेंढरे घेऊन लव्हाळ्याच्या झऱ्यावर गेला आणि त्यानंतर बारा हिवाळे जात राहिला. मग कोणीतरी तिथे काटेरी तार ओढली. तारेवर पाटी लागली. झऱ्याचे लव्हाळे प्रार्थनेच्या कामी लागत असत. कोणत्या प्रार्थनेच्या, ते सांगायची मला मुभा नाही. आता ते दुसरीकडून आणावे लागत, आणि म्हातारी माणसे म्हणत की ते तसे नसतात.

अनेक वर्षे गेली. मग एकदाची झुनींना कोर्टात जायची परवानगी मिळाली. आमची जमीन मोबदला न देता घेतली, असा दावा त्यांनी सरकारवर लावला. दावा सिद्ध करायचा तर ती जमीन वापरणारी माणसे हवी होती. लव्हाळ्याच्या झऱ्यावर स्वतः राहिलेला एकच माणूस उरला होता, तो म्हणजे फेलिपे. वय पंच्याऐंशी. कान तिखट, गुडघे गेलेले.

साक्षी गावातल्याच पंचायतीच्या दालनात घ्यायच्या होत्या. फेलिपेची धाकटी बहीण एलोइसा हिने मला खिळ्यावरून काढले आणि भावाच्या हातात दिले.

"हिलाही ने. मोजायला आली होती म्हणे. बसू दे टेबलावर."

"ही काय बोलणार?" फेलिपे म्हणाला.

"तू तरी कुठे बोलतोस!"

अशी मी पुरावा झाले. माझ्या शेपटाला एक चिठ्ठी बांधली आणि मला हिरव्या कापडावर ठेवले. एका बाजूला झुनींचे वकील, समोर सरकारी वकील, मध्ये यंत्रावर बोटांनी शब्द टिपणारी बाई. मागच्या बाकांवर गावची माणसे. दुभाषी म्हणून एलोइसाची मुलगी वर्ना होती. ती शाळेत शिकवायची. शब्दाला शब्द सांगेन, पदरचे काही घालणार नाही, अशी शपथ तिने सकाळीच घेतली होती.

झुनींच्या वकिलांनी विचारले, "नातेवासाहेब, लव्हाळ्याच्या झऱ्याकडच्या जमिनीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

फेलिपे ताठ बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कोणत्याही भल्या झुनी माणसाने बोलावे तसा बोलला, "मी काय सांगणार? मी गरीब माणूस. मला काही कळत नाही. जाणते होते, ते गेले."

मागच्या बाकांवर सगळ्यांनी मान डोलावली. चांगले बोलणे असेच सुरू होते. ज्याला खरोखर माहीत असते, तोच असे म्हणतो. आणि न म्हणता जो सांगायला लागतो, त्याच्याकडे लोक संशयाने बघतात.

वर्नाने ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितले.

सरकारी वकिलाने पेन खाली ठेवले. "लिहून घ्या. साक्षीदार म्हणतो, त्याला काही माहीत नाही. मला आणखी विचारायचे नाही."

"तसं नाही हो," वर्ना घाईने म्हणाली, "ही आमच्याकडची बोलायची—"

"बाई, तुम्ही दुभाषी आहात. साक्षीदार नाही."

शब्द टिपणारीची बोटे थांबली. झुनींच्या वकिलांनी खूप हुज्जत घालून दुसऱ्या दिवशीची सकाळ मागून घेतली. मला पुन्हा घरी आणले.

जेवायच्या वेळी एलोइसाने मुलीला फैलावर घेतले. "पोरांना शहाणं करतेस ना शाळेत? आणि एवढं कळलं नाही तुला?"

"शपथ घेतली होती, आई."

"शपथेवर मामाला अडाणी ठरवलंस. छान केलंस."

"तिला बोलू नकोस," फेलिपे म्हणाला. "मी बोललो तेच तिने सांगितलं. मीठ दे इकडे."

वकीलही पंगतीला होते. मक्याच्या आणि मटणाच्या रश्श्यातली मिरची त्यांच्या डोळ्यांत उतरली होती. ते वर्नाला म्हणाले, "मामांना सांगा, उद्या फक्त चार शब्द बोला. 'ते मला माहीत आहे.'"

वर्नाने सांगितले. फेलिपे हसला. "असं कोण म्हणतं? असं म्हणणाऱ्याच्या घरी माणसं जेवायला थांबत नाहीत."

"मामा, तसं म्हणाला नाहीत तर झरा दाव्यातून जाईल."

"गेलेलाच आहे. तारेच्या पलीकडे आहे." तो पावाने वाडगा पुसू लागला. मग थांबला. "त्या मोजणीदाराच्या वहीत काय आहे म्हणालीस?"

"जमीन ओसाड. कोणाच्याही वापराची खूण नाही."

"माझ्या मामाला तिथे पुरलंय," फेलिपे म्हणाला. मग त्याने वाडगा पुसून बाजूला सरकवला.

सकाळी दालन भरले. कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. फेलिपेने टोपी काढली नाही.

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला.

मागे कोणीतरी खाकरले. मग तो सांगत गेला. वाटेवरचे पहिले पाणी कुठे, दुसरे कुठे. झऱ्याची दोन तोंडे, त्यातले एक उन्हाळ्यात आटते. कोणत्या खडकामागे वारा लागत नाही. कोकरे कुठे होत असत. मामा कुठल्या तापाने गेला आणि त्याचे डोके कोणत्या दिशेला केले. दोन तास तो बोलला. मी टेबलावर होते आणि ऐकत होते. मी जी जमीन मोजल्याचे त्या वहीत लिहिले होते, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली. मला लाज वाटली.

सरकारी वकील हुशार होता. तो मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, गावात तुमच्याहून मोठी, जाणती माणसे असतील ना? ती याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त सांगू शकतील, होय ना?"

इथे खरे झुनी उत्तर एकच होते. होय, असतील, माझ्यापेक्षा सगळेच जाणते. मागच्या बाकांवर फेलिपेचा बालमित्र बेनितो बसला होता. त्याच्याकडे नुसते बोट दाखवले असते तरी पुरे होते. आणि मग बेनितोला विचारले असते, आणि बेनितो झऱ्यावर कधी गेलाच नव्हता.

"नाही," फेलिपे म्हणाला. "माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही."

वर्ना मामाकडे बघू लागली. कालच्यासारखे आज मध्ये पडून चालणार नव्हते. आज तिला वाटत होते की हे थोडे मवाळ करून सांगावे.

"बोललो तसं सांग, पोरी," फेलिपे म्हणाला. "शब्दाला शब्द."

तिने सांगितले. बोटांनी टिपले. मागे एकही मान डोलली नाही.

त्यानंतर कोणी फेलिपेला वाईट वागवले असे नाही. पण तो आला की बेनितो सरकून जागा देताना म्हणे, "या, सर्वज्ञ आले. पाऊस कधी ते सांगून टाका, पेरणी थांबलीय." बाकीचे हसत. फेलिपेही हसे. पुढे तो, म्हातारी माणसे ऊन खात बसत त्या भिंतीशी जाईनासा झाला. वर्षानुवर्षे त्याच्याकडे असलेले एक जुने मानाचे काम दुसऱ्याच्या घरी गेले. बहिणीकडे येऊन तो माझ्या खिळ्याखाली बसे, हात मांडीवर ठेवून. दुखत काही नव्हते. एलोइसा विचारी, "बरं नाही का रे?" तो म्हणे, "काही नाही. काही वाटतच नाही हल्ली." चौथ्या हिवाळ्यात तो गेला.

निकाल त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला. जमीन झुनींचीच होती आणि ती मोबदल्याशिवाय घेतली गेली, हे कोर्टाने मान्य केले. मोबदला द्या, असे ठरले. झरा मात्र तारेच्या पलीकडेच राहिला. आता तिथे तिसऱ्याच कोणाची गुरे पाणी पितात.

वर्ना निकालाचे जाडजूड बाड घेऊन घरी आली. तिला आनंद झाला नव्हता आणि रडूही आले नव्हते. एलोइसा पावाची कणीक मळत होती.

"आई, मामाचं वाक्य छापलंय. झऱ्याबद्दल कोर्टाने त्याच्याच शब्दावर भिस्त ठेवलीय."

"कुठलं वाक्य?"

वर्नाने वाचले, "'ते मला माहीत आहे. माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.' खाली फेलिपे नातेवा."

एलोइसाचे हात कणकेत थांबले. "त्याच्या आधी काय आहे?"

"आधी काही नाही."

"मी गरीब माणूस, मला काही कळत नाही, असं म्हणाला होता तो. ते नाही छापलं?"

"नाही, आई. ते कोर्टाच्या कामाचं नव्हतं."

"असा कसा बोलेल माझा भाऊ एकदम? परक्याला वाटेल, याला आईने काही शिकवलंच नाही." तिने कोपराने वर्नाला खूण केली. "पेन घे. वर लिही."

"कोर्टाचा कागद आहे तो."

"लिही म्हणते ना."

वर्नाने छापील ओळीच्या वर, समासात, बारीक अक्षरात ते लिहिले. मग आईला वाचून दाखवले. एलोइसाने ते दोनदा वाचायला लावले आणि पुन्हा कणीक मळू लागली.

मित्रांनो, मी जमीन मोजणारी वस्तू आहे. माझ्या हातून एका जमिनीचा खोटा आकडा पडला, आणि तो पुसायला एका भल्या माणसाला सगळ्या गावासमोर उद्धट व्हावे लागले. मला तेल लावू नका, माझा गंजही काढू नका. पण तुमच्या समोर कोणी म्हातारे माणूस बसले आणि म्हणाले, "मला काय कळतंय?", तर वही लगेच मिटू नका. पाणी द्या, जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.