परतूरचा आवाज, आष्टीची वरात

हॅलो, येतोय का आवाज? मी आष्टीच्या जहांगीर बँडमास्तरांचा मोबाइल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात. आज मला बोलू द्या.

माझा पहिला मालक जालन्याचा कॉलेजकुमार होता. त्यानं मला फक्त स्वतःचे केस दाखवले. मग परतूरच्या एका दुकानात मला विकलं, आणि तिथून मास्तरांनी मला उचललं. तेव्हापासून माझा मुक्काम त्यांच्या लाल कोटाच्या खिशात. वर सोनेरी झालर, कानाशी क्लॅरनेट. लग्नसराईत मी इतका तापतो की मास्तर मला फुंकर घालतात. कुठल्या फोनचे एवढे लाड होत असतील?

मास्तरांच्या पत्नी सरदारबी बँडच्या गायिका. नवरदेवाची गाणी त्या स्वतः रचतात. गावातल्या नरहरदादांचा मुलगा स्वानंद लहान होता तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या वरातीत मीच गाणार!" आणि नेमकं त्याचं लग्न तोंडावर आलं अन् त्या अंगणात घसरल्या. परतूरच्या दवाखान्यात भरती. पाय वर टांगलेला, त्याला वजन लावलेलं.

नरहरदादा मास्तरांकडे आले. "मास्तर, वाईट नका वाटून घेऊ. पण गाणं नसंल तर मी वडीगोद्रीचा डीजे सांगतो. पोराची वरात मुकी न्हाई निघायची."

दादा गेल्यावर मास्तरांनी माझ्यावरून सरदारबींना फोन लावला. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "गाणं तुझ्याबिगर होत न्हाई. डीजे येऊन राह्यला."

पलीकडून सरदारबी कडाडल्या. "पाय मोडलाय माझा, गळा न्हाई मोडला! मी हितूनच गाते. तुमी फोन स्पीकरला लावा."

मी मास्तरांच्या हातात थरथरलो. व्हायब्रेटवर नव्हतो तरी!

पण आष्टीच्या टॉवरचं काही खरं नसतं. बाजारात गर्दी झाली की तो मान टाकतो. गावात वायफायचे पांढरे डबे मात्र होते: पंचायतीवर, बाजारात, मारुतीच्या देवळापाशी. ते बसवले होते नरहरदादांच्याच मुलीनं. अरुंधती तिचं नाव. पुण्यात नेटवर्कचं काम करते, भावाच्या लग्नासाठी आली होती. मास्तर तिलाच जाऊन भेटले.

लग्नाच्या आदल्या दिवशी तालीम झाली. मास्तर मला घेऊन पंचायतीपासून निघाले. सरदारबींनी पहिली ओळ घेतली, "आष्टीच्या बाजारात शेला कुणाचा उडाला गं," आणि बाजाराचा डबा येताच गाणं खलास! पडद्यावर पाटी: मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका. देवळापाशी पुन्हा तेच.

"आता घोड्याम्होरं हुभं राहून ओटीपी टाकू का?" मास्तर वैतागले.

"थांबा मामा," अरुंधती हसली. तिनं माझ्यात एक प्रोफाइल बसवलं. सोपं सांगतो: ते माझं ओळखपत्र, आणि ते देणारे ती माझी माणसं. डबा जवळ आला की मी हळूच विचारायचं, "माझ्या माणसांना ओळखता का?" ओळखत असला तर आम्ही एकमेकांची खूण तपासतो, आणि मी आत. पाटी नाही, ओटीपी नाही, मास्तरांचं बोटही लागायला नको. शिवाय तिन्ही डबे तिनं आतून एकमेकांशी जोडले, म्हणजे एकानं सोडलं की दुसऱ्यानं लगेच झेलायचं.

तरी बाजारात आवाज खरखरलाच. दोष माझा होता. पंचायतीचा डबा मला इतका आवडला की तो पार मागं राहिला तरी मी त्यालाच धरून बसलो.

"लई चिकट फोन आहे हा," असं म्हणत अरुंधतीनं डब्यांचा जोर थोडा कमी केला. आता मागचा डबा लवकर अंधूक व्हायचा आणि मी पुढच्याच्या गळ्यात पडायचो. मग गाणं देवळापर्यंत गेलं, एक हरकतही न तुटता! मास्तरांनी माझा मुका घेतला.

नरहरदादा म्हणाले, "उद्या बघू. डीजेची गाडी मात्र नाक्यावर हुभी राहील."

सकाळी मला बँडच्या गाड्याला लाल रिबिनीनं बांधलं. एक वायर स्पीकरला, डोळा वरातीकडे. पलीकडे नर्स कांताबाईंनी सरदारबींसमोर फोन धरलेला. बँडचा आवाज तिकडं उशिरा पोचून ताल चुकला असता, म्हणून त्यांना फक्त चित्र दिसायचं. त्या गायच्या आणि बँड त्यांच्या मागोमाग जायचा.

आणि काय सांगू तुम्हाला! पंचायत सुटली, बाजार आला, मी कधी उडी मारली ते माझं मलाच कळलं नाही. लोक नाचू लागले. तेवढ्यात नाक्यावर डीजेवाल्यानं हॉर्न दाबला. नवरदेवाचा घोडा बुजला आणि देवळाचा रस्ता सोडून थेट शाळेच्या गल्लीत! घोड्यामागं वरात, वरातीमागं गाडा, गाड्यावर मी.

त्या गल्लीत आपला एकही डबा नव्हता. आवाज तुटला. बँड थांबला. नरहरदादांनी नाक्याकडे हात वर केला.

"बाबा, थांबा!" अरुंधती ओरडली. "शाळेच्या डब्यालाही आपली ओळख सांगून ठेवलीय. फक्त पाहिलं न्हाई चालतं का ते!"

शाळेचा डबा वेगळ्या घरचा, दुसऱ्यांनी बसवलेला, मी त्याला कधी भेटलो नव्हतो. घाबरत विचारलं, "माझ्या माणसांना ओळखता का?"

"ओळखतो की. या!"

मी आत शिरलो, फोन पुन्हा जोडला गेला आणि स्पीकरमधून एकदम कल्लोळ बाहेर पडला. नुसत्या सरदारबी नव्हत्या, आख्खा वॉर्ड गात होता! कुणी खाटेवर ठेका धरलेला, आणि मागून कांताबाई, "हळू! डॉक्टर यायलेत!" म्हणत स्वतःच सुरात सूर मिळवत होत्या. बँडनं सूर झेलला. घोडासुद्धा शांत झाला. नरहरदादांचा वर गेलेला हात तसाच राहिला, आणि त्याच हातानं ते नाचू लागले. वरात शाळेला वळसा घालून मारुतीला पोचली. डीजेवाला गाडी बंद करून नाचायला आला होता.

मास्तरांनी माझ्यासमोर येऊन क्लॅरनेट कपाळाला लावलं. पडद्यावर सरदारबींनी पदरानं डोळे पुसले. "रडता काय, दुसरं गाणं घ्या जल्दी!"

आता माझी काच तडकलीय, बॅटरी दुपारीच दमते. सरदारबी काठी टेकत पुन्हा गाड्यासोबत चालतात आणि समोर उभ्या राहून गातात. गावातले डबे मला येता-जाता ओळखतात, पण त्या गाण्यासाठी आता माझी गरज नाही. मी खिशात पडून ऐकतो. त्यांनी वरचा सूर लावला की मास्तरांची छाती हलते, आणि छातीसोबत मीही. तेव्हा एवढी विनंती ऐका: त्या गात असताना मला फोन लावू नका.