पट्टी नसलेल्या दुपारी

आत्याच्या बोटांना शेवंतीचा वास असे. मांडवगणच्या आमच्या मळ्यात शेवंती पिवळी होऊन उभी राहिली, की पहाटेपासून फुलं खुडून तिच्या नखांत हिरवट, कडसर रस साचे. आणि तो गंध तिच्या पदराला, तिच्या हातच्या भाकरीला, मला थोपटता थोपटता माझ्या केसांनाही लागून राही. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली. चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. पण मला पाहिलं की तिचा चेहरा ढगाआडून ऊन निसटावं तसा एकदम उजळे.

मी तीन वर्षांची असताना माझा डावा डोळा आळशी असल्याचं शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळा निरोगी होता. पण त्याचा नंबर मोठा, त्यानं धाडलेलं चित्र अंधुक, म्हणून मेंदूनं ते स्वीकारणंच सोडून दिलं होतं. चष्मा लावायचा आणि चांगला डोळा रोज पट्टीनं झाकायचा, म्हणजे दुबळ्या डोळ्याला बघणं भाग पडेल. बघायला मेंदू शिकतो तो बालपणीच. ते वय सरलं की शिकवणं फार कठीण. आई हे ऐकत होती, आणि तिच्या शेजारी बसून आत्याही ऐकत होती. आईनं हे मला पुढे अनेकदा सांगितलं.

आई सकाळी माझ्या डोळ्यावर पट्टी चिकटवून कंपनीच्या गाडीनं रांजणगावला कामाला जाई. दिवसभर मी आत्याजवळ. त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो केवळ प्रकाश. सकाळ धुक्याची, कडा विरघळलेली, आईच्या हातांची आणि माझ्या रडण्याची. दुपार मात्र लख्ख. पाटाच्या पाण्यावर थरथरणारी सोनेरी जाळी, लिंबाचं पान न् पान सुटं, आणि त्या साऱ्या तेजाच्या मध्यभागी आत्याचं तोंड. मायेच्या माणसाजवळ जग असंच स्वच्छ दिसत असेल, असं मी कितीतरी वर्षं समजत आले.

मी शाळेत जाऊ लागले तरी डोळा सुधारला नाही. डॉक्टरांनी आईला विचारलं, "पट्टी नेमानं लावता ना?" घरी येऊन आई चुलीपुढं बसून रडली. "माझंच कायतरी चुकलं," म्हणत राहिली. आत्यानं तिचे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले. "उगी सुमन, नशिबापुढं कुनाचं चालतंय?" आई पुढे आजारपणात गेली, ती हा सल उरात घेऊनच. शेवटच्या दिवसांतही ती माझा चष्मा स्वच्छ पुसून माझ्या हाती देई आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राही.

मी आता दौंडला शाळेत शिकवते. एका डोळ्याच्या आधारावर माणसाचं तसं काही अडत नाही. जिना उतरताना पाऊल चाचपतं, चहा ओतताना धार कपाबाहेर जाते, इतकंच. पण माझ्या लेकीचं, स्वराचं, तिसऱ्या वर्षी तेच निदान झालं. मी शाळेत असताना तिला सांभाळायला कोण? पहिलं नाव ओठांवर आलं ते आत्याचं. थकली होती, तरी एका निरोपासरशी आली.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. दार उघडंच होतं. गॅलरीतल्या उन्हात आत्या बसली होती आणि तिच्या मांडीवर स्वरा खिदळत होती, दोन्ही डोळे सताड उघडे. पट्टी आत्यानं स्वतःच्या मनगटावर हलकेच चिकटवून ठेवली होती, परत लावता यावी म्हणून.

"आत्या, हे काय?"

"रडत व्हतं गं लेकरू. घटकाभर मोकळं केलं." मग ती हसली. "तुजी बी अशीच काढायचे की. तू येवढुशी व्हतीस, तुला कुठनं आठवायचं."

"आईला माहीत होतं?"

"न्हाई. ती यायच्या आत लावून ठेवायचे."

"आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं ते? तू तिथंच होतीस ना?"

तिचं हसू मावळलं. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"ठावं व्हतं. समदं ठावं व्हतं. पर पट्टी काढली की तू माज्या गळ्यात पडायचीस. आई दिसली का तोंड फिरवायचीस, म्हनायचीस, ही डोळा बांधती. मला दुसरं कोन व्हतं गं?"

मी कपाटातून नवी पट्टी काढली, स्वराच्या डोळ्यावर लावली, आणि ती हातपाय झाडून ओरडत असताना तिला छातीशी धरून बसले. ती मला चावली, "तू वाईट" म्हणाली. आत्यानं पिशवी भरली. दारात तिनं माझं नाव घेतलं. मी मान वर केली नाही. संध्याकाळच्या एसटीनं ती मांडवगणला गेली.

स्वरा आता पहिलीत आहे. दुबळ्या डोळ्यानं ती डॉक्टरांकडच्या तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचते, जिना दडादडा उतरते. "आत्याआजी कधी येणार?" असं मधूनच विचारते आणि उत्तराची वाट न पाहता खेळायला पळते. आत्या अजून आहे. गावाकडचा माझा भाऊ म्हणतो, अंगणात खाट टाकून रस्त्याकडे बघत असते. तासाभराची वाट आहे, आणि मी गेलेले नाही. काळ माणसं नेतो आणि त्यांच्या आठवणी आपल्यापाशी ठेवून जातो, असं ऐकलं होतं. माझ्या बाबतीत त्यानं माणूस जागेवर ठेवलं, आणि त्या लख्ख दुपारींची आठवण तेवढी नेली.